बोसाबॉल : एका जोडखेळाची कुळकथा

मैदान म्हटले की सपाट, कठीण, पायाखाली न हलणारी भूमी डोळ्यांपुढे येते. माती असो, हिरवळ असो की लाकडी तक्तपोशी असो, खेळाडूचा पहिला भरवसा जमिनीवर असतो. एकविसाव्या शतकाच्या आरंभी स्पेनमध्ये एक असा खेळ जन्मास आला की त्याने हा भरवसाच काढून घेतला. त्याच्या क्रीडांगणात जमीन नाही. हवेने फुगविलेल्या मोठमोठ्या गाद्या एकमेकींना जोडून ते तयार होते. मधोमध व्हॉलीबॉलप्रमाणे उंच जाळे असते आणि जाळ्याच्या दोन्ही अंगांस, अगदी त्याला खेटून, एकेक गोल ट्रॅम्पोलीन, म्हणजे स्प्रिंगांनी चौकटीला ताणून बांधलेले, अंगाला वर फेकणारे कापड बसविलेले असते. त्या कापडावर उभा राहून एक गडी उसळ्या घेत वर वर जातो. त्याचे साथीदार भोवतालच्या मऊ गाद्यांवर तोल सावरीत चेंडू खेळवीत राहतात. आणि गडी पुरेसा उंच गेला की चेंडू त्याच्या हातापायांच्या टप्प्यात टाकतात. वरून येणारा तो तडाखा अडविणे सोपे नसते. हे सारे चालू असता पंच नुसता शिट्टी वाजवीत नाही. तो तालवाद्ये वाजवितो, ध्वनिक्षेपकावरून बोलतो, गाण्यांच्या तबकड्याही फिरवितो. या खेळाचे नाव बोसाबॉल.

फिलिप आइकमन्स या बेल्जियन गृहस्थाने २००३ ते २००५ या काळात स्पेनमध्ये या खेळाची जुळणी केली. ‘जुळणी’ हा शब्द येथे मुद्दाम वापरला आहे. व्हॉलीबॉल, फुटबॉल, कसरत आणि ब्राझीलची कापोएरा नावाची नृत्यवजा झुंज अशा चार गोष्टी त्याने एकत्र आणल्या आणि त्यांना संगीताचे कोंदण दिले. ‘बोसा’ हा ब्राझीलमधील पोर्तुगीज बोलीतला शब्द. त्याला मराठीत एकच प्रतिशब्द सापडणे कठीण. ढब, डौल, अंगची ऐट, काम सहज व खुमारीने करण्याची हातोटी, असा त्याचा भाव आहे. १९५८ च्या सुमारास रिओ द जानेरो येथे जी नवी गायनशैली उदयास आली तिला ‘बोसा नोव्हा’, म्हणजे नवी ढब, हे नाव मिळाले आणि तेथून हा शब्द जगभर गेला. म्हणजे खेळ रचणारा बेल्जियमचा, खेळ रचला स्पेनमध्ये आणि नाव व नखरा ब्राझीलचा. इतक्या ठिकाणचे उसने घेऊन उभ्या राहिलेल्या वस्तूकडे जाणकार मंडळी सहसा संशयाने पाहतात. अस्सल खेळ लोकांतून आपोआप उगवतो, बैठकीत बसून तो घडविता येत नाही, असा एक समज आहे. परंतु हा समज फारसा टिकणारा नाही. बोसाबॉलच्या पूर्वजांची चौकशी केली तर तेही असेच कुणीतरी, कुठेतरी, उसनवारीवर घडविलेले आढळतात.

सर्वांत थोरला पूर्वज व्हॉलीबॉल. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स संस्थानातील होल्योक या गावी वाय्. एम्. सी. ए. संस्थेच्या व्यायामशाळेचा प्रमुख विल्यम जी. मॉर्गन याने १८९५ मध्ये तो रचला. त्याच्या चारच वर्षे आधी जवळच्याच स्प्रिंगफील्ड गावी जेम्स नेस्मिथ याने बास्केटबॉल काढला होता आणि तरुणांना त्याने वेड लावले होते. मॉर्गनपुढील अडचण वेगळी होती. त्याच्याकडे येणारी मंडळी प्रौढ व्यापारी होती. दिवसभर पेढीवर बसून आलेल्या या गृहस्थांना बास्केटबॉलची धावपळ व धक्काबुक्की झेपण्यासारखी नव्हती; पण नुसत्या कवाइतीने त्यांचे मन रमत नव्हते. श्रम व्हावेत, पण दमछाक होऊ नये. चुरस असावी, पण अंगाला अंग लागू नये, असा खेळ त्याला हवा होता. त्याला प्रथम टेनिस आठवला. पण टेनिसला रॅकेटी लागतात, म्हणून रॅकेट त्याने वगळली आणि जाळे तेवढे ठेवले. ते जाळे त्याने ६ फूट ६ इंच उंचीवर, म्हणजे सामान्य माणसाच्या डोक्याच्या किंचित वर बांधले. चेंडू म्हणून बास्केटबॉलच्या आतला फुगा घेऊन पाहिला, तो फार हलका व मंद निघाला. अख्खा बास्केटबॉल घेतला, तो फार जड ठरला. शेवटी स्पॉल्डिंग या क्रीडासाहित्याच्या कारखान्याकडून निराळा चेंडू करवून घ्यावा लागला. सामना नऊ डावांचा ठेवला, ती कल्पना बेसबॉलची. आणि खेळाचे पहिले नाव होते ‘मिंटोनेट’.

या नावात मराठी माणसाला आपलेपणा वाटावा असा एक धागा आहे. मिंटोनेट हे नाव बॅडमिंटनवरून घेतले असे सर्वसाधारणपणे मानले जाते. बॅडमिंटन हे नाव इंग्लंडमधील ब्यूफोर्टच्या ड्यूकच्या वाड्याचे खरे. पण जाळ्यावरून पिसांचे फूल टोलविण्याचा हा खेळ एकोणिसाव्या शतकात ज्या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या हाती आकारास आला ते पुण्याच्या लष्करी छावणीतले होते. त्या काळी खेळाला ‘पूना’ असेच नाव होते आणि १८७० नंतरच्या दशकात तेथे त्याचे काही नियमही बांधले गेले. पुण्याच्या छावणीतून इंग्लंडला, तेथून अमेरिकेला, आणि नावापुरते का होईना, होल्योकच्या व्यायामशाळेत! नात्याचा हा धागा बारीक आहे, त्यावर फार भार टाकू नये. परंतु खेळांची कुळे कशी देशोदेशी भटकत असतात हे त्यावरून कळते.

१८९६ मध्ये स्प्रिंगफील्ड येथे व्यायामशिक्षकांची परिषद भरली असता मॉर्गनने आपला खेळ तेथे दाखविला. दोन्ही बाजूंना पाच पाच गडी होते. एका संघाचा नायक होल्योकचा महापौर होता, तर दुसऱ्याचा नायक तेथील अग्निशामक दलाचा प्रमुख. चेंडू भुईला टेकू न देता अधांतरी टोलवीत ठेवणे, ज्याला इंग्रजीत ‘व्हॉली’ म्हणतात, हेच खेळाचे मर्म असल्याचे प्रेक्षकांतील आल्फ्रेड हॉल्स्टेड या प्राध्यापकाच्या ध्यानात आले. त्याच्या सूचनेवरून मिंटोनेट मागे पडले व व्हॉलीबॉल हे नाव रूढ झाले.

मॉर्गनने कल्पना केलेला खेळ मात्र सौम्य होता. एका बाजूला कितीही गडी चालत आणि चेंडू किती वेळा टोलवावा याला बंधन नव्हते. जाळ्यावरून खाली जोरदार प्रहार करण्याची गोष्ट त्याच्या व्यापारी मंडळींच्या स्वप्नातही नसावी. वाय्. एम्. सी. ए. च्या शिक्षकांबरोबर हा खेळ आशियात आला आणि फिलिपीन्समध्ये त्याला दात फुटले. १९१६ च्या सुमारास तेथील खेळाडूंनी एक युक्ती काढली. एकाने चेंडू जाळ्याजवळ उंच उडवावा आणि दुसऱ्याने झेप घेऊन तो वरच्यावर खाली हाणावा. ‘बोम्बा’, म्हणजे बाँब, हे त्यांनी या फटक्याला दिलेले नाव पुरेसे बोलके आहे. पुढे एका बाजूला सहा गडी ठरले आणि १९२० पासून तीन स्पर्शांत चेंडू पलीकडे गेलाच पाहिजे असा नियम झाला. भारतातही हा खेळ प्रामुख्याने याच मार्गाने रुजला. १९२० साली एच्. सी. बक यांनी मद्रासमध्ये वाय्. एम्. सी. ए. ची शारीरिक शिक्षणाची शाळा काढली. तेथून शिकून गेलेले शिक्षक अनेक प्रांतांत पसरले. १९५१ मध्ये भारतीय व्हॉलीबॉल महासंघ स्थापन झाला आणि जकार्ताच्या १९६२ च्या आशियाई क्रीडासामन्यांत भारतीय पुरुषसंघाने रौप्यपदक मिळविले. १९६४ मध्ये तोक्यो येथे व्हॉलीबॉल ऑलिंपिकमध्ये आला. पोट सुटू लागलेल्या व्यापाऱ्यांसाठी काढलेल्या खेळाने सत्तर वर्षांच्या आत एवढी मजल मारली.

या इतिहासातील एक गोष्ट पुढील विवेचनासाठी लक्षात ठेवली पाहिजे. बोम्बाच्या शोधानंतर व्हॉलीबॉलची सारी नाट्यमयता जाळ्याच्या वर, हवेत, गेली. आणि तेथे माणसाची झेप ही मर्यादा आली. उंचच उंच खेळाडू शोधावे, त्यांच्या पोटऱ्या कमवाव्या, यापलीकडे उपाय नव्हता. ही मर्यादा ओलांडण्याचे साधन एका निराळ्याच ठिकाणी, सर्कशीच्या तंबूत, पडलेले होते.

सर्कशीतील झोक्यांचा खेळ ज्याने पाहिला आहे त्याला खालची जाळी आठवत असेल. झोका सोडून कसरतपटू खाली पडतो, जाळीत बुडतो आणि चेंडूसारखा वर उसळून, एखादी कोलांटी घेऊन, लोकांना वंदन करतो. लोक त्या क्षणाला सुटकेचा निःश्वास टाकतात. अमेरिकेतील आयोवा संस्थानच्या सीडर रॅपिड्स गावातला जॉर्ज निस्सेन हा मुलगा मात्र निराळाच विचार करीत बसला. पडणे हा खेळाचा शेवट का असावा? तेथूनच खेळ सुरू का होऊ नये? सोळाव्या वर्षी, १९३० मध्ये, वडिलांच्या मोटारखान्यात त्याने लोखंडी चौकटीला जाड कापड ताणून बांधले व त्यावर उड्या मारून पाहिल्या. पुढे आयोवा विद्यापीठात त्याचा कसरतीचा शिक्षक लॅरी ग्रिझवोल्ड याच्या साहाय्याने १९३४ मध्ये पहिले सुधारलेले साधन तयार झाले. १९३७ मध्ये आणखी दोन मित्रांसह कसरतीचे खेळ करीत तो मेक्सिकोत फिरत असता पोहण्याच्या तलावावरील सूरफळीला स्पॅनिशमध्ये ‘त्राम्पोलीन’ म्हणतात असे त्याला कळले. त्या शब्दाला त्याने इंग्रजी वळण दिले आणि व्यापारी नाव म्हणून त्याची नोंद केली. दैवाची गंमत अशी की ते नाव इतके लोकप्रिय झाले की त्यावर एकट्या निस्सेनचा हक्क राहिलाच नाही. जो तो अशा प्रत्येक साधनाला ट्रॅम्पोलीन म्हणू लागला आणि मालकीचे नाव सामान्यनाम बनले. व्यापाऱ्याच्या दृष्टीने हा तोटा. पण वस्तू लोकांची झाल्याची याहून मोठी पावती कोणती?

निस्सेन जन्मभर या साधनाचा प्रचारक राहिला. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांना हवेतल्या हवेत तोल व दिशा ओळखण्याचे शिक्षण देण्यासाठी अमेरिकन सैन्याने ट्रॅम्पोलीन वापरले. १९६० मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये निस्सेनने चक्क एका कांगारूबरोबर त्यावर उड्या मारल्या व त्याचे छायाचित्र सर्वत्र गाजले. १९६४ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये या कसरतीचे पहिले जागतिक सामने झाले आणि २००० सालच्या सिडनी ऑलिंपिकमध्ये तिला स्थान मिळाले. २०१० मध्ये निस्सेन वारला, तेव्हा हे सर्व त्याने डोळ्यांनी पाहिले होते. १९६० नंतरच्या दशकात त्याने ‘स्पेसबॉल’ नावाचा खेळही काढला होता. ट्रॅम्पोलीनवर उसळणारे दोन प्रतिस्पर्धी मधल्या चौकटीच्या भोकातून चेंडू एकमेकांकडे टाकीत, असा तो खेळ. म्हणजे ट्रॅम्पोलीन व चेंडू यांची सोयरीक बोसाबॉलच्या चाळीस वर्षे आधीच जुळविण्याचा यत्न झाला होता. तो खेळ मागे पडला. त्यात दोन माणसे होती, पण संघ नव्हता. उसळी होती, पण तिला वाट पाहायला लावणारे कोणी नव्हते. या शेवटच्या वाक्याचा अर्थ बोसाबॉलचे नियम पाहिले म्हणजे स्पष्ट होतो.

तत्पूर्वी ब्राझीलकडे वळले पाहिजे, कारण पायाचा खेळ तेथून आला. १९६५ च्या सुमारास रिओच्या कोपाकाबाना किनाऱ्यावर ओक्ताव्हियो द मोराइस व त्याचे मित्र वाळूत फुटबॉल खेळत. किनाऱ्यावर फुटबॉल खेळण्यास बंदी आली तेव्हा ही मंडळी शेजारच्या व्हॉलीबॉलच्या अंगणात शिरली आणि जाळ्यावरून पायांनी व डोक्याने चेंडू टोलवू लागली, असे सांगतात. बंदी फुटबॉलला होती, व्हॉलीबॉलला नव्हती! या चलाखीतून ‘फुटव्हॉली’ जन्मला. जाळ्यावरून पायाने चेंडू मारण्याची कला आशियाला मात्र नवी नव्हती. आग्नेय आशियातील वेताचा चेंडू लाथेने झेलण्याचा खेळ शेकडो वर्षांचा आहे. त्याला विसाव्या शतकाच्या मध्यास जाळे मिळाले आणि ‘सेपाक टकराव’ या नावाने १९९० पासून तो आशियाई सामन्यांत खेळला जातो. २०१८ साली पालेंबांग येथे भारतीय पुरुषसंघाने त्यात कांस्यपदक मिळविले. त्या खेळाचे आपल्याकडील मुख्य माहेर मणिपूर व ईशान्येकडील इतर राज्ये हे होय.

ब्राझीलची दुसरी देणगी कापोएरा. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांनी ती जोपासली. ती झुंज आहे आणि नाचही आहे. खेळणाऱ्यांभोवती माणसांचे कडे असते, एकतारी धनुष्यासारखे बेरिंबाऊ वाद्य वाजत असते, आणि त्याच्या लयीवर लाथा, गिरक्या व कोलांट्या चालतात. लय बदलली की झुंज बदलते. वाजविणाराच तेथे एक प्रकारे पंच असतो. ब्राझीलच्या १८९० च्या दंडसंहितेने हा गुन्हा ठरविला होता. चाळीसेक वर्षे तो लपूनछपून चालला, १९३० नंतरच्या दशकात त्यावरील बंदी उठली आणि २०१४ मध्ये युनेस्कोने मानवजातीच्या सांस्कृतिक वारशात त्याची गणना केली. वाद्य वाजविणारा पंच ही बोसाबॉलमधील कल्पना प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. कापोएराचे कडे ध्यानात घेतले म्हणजे तिचे मूळ कोठे आहे याचा अंदाज येतो.

हवेच्या गाद्यांविषयी थोडक्यात सांगण्यासारखे आहे. जॉन स्कर्लॉक हा अमेरिकन अभियंता १९५८ च्या सुमारास टेनिसच्या अंगणावर घालण्याची हवा भरलेली आच्छादने तयार करीत होता. कामगारांना त्या आच्छादनावर उड्या मारून मौज करताना त्याने पाहिले आणि आच्छादनाऐवजी उड्या मारण्याची गादीच विकावी असे त्याच्या मनात आले. जत्रांतून व वाढदिवसांतून मुले ज्या फुगीर किल्ल्यांवर बागडतात त्यांचा उगम हा असा आहे.

आता या वस्तू आइकमन्सने कशा सांधल्या ते पाहावे. केवळ ट्रॅम्पोलीनशेजारी जाळे बांधले म्हणजे खेळ होत नाही. ट्रॅम्पोलीनवर उभा राहिलेला माणूस पहिल्याच उडीत उंच जात नाही. दुसरी उडी पहिलीपेक्षा मोठी, तिसरी त्याहून मोठी, अशी उंची हळूहळू कमवावी लागते. त्याला वेळ हवा. व्हॉलीबॉलमधील तीन स्पर्शांचा नियम हा वेळ देत नाही. तो तर खेळ लांबू नये म्हणूनच केलेला. म्हणून बोसाबॉलमध्ये स्पर्शांची संख्या वाढविण्यात आली. आरंभीच्या नियमांत ती आठपर्यंत होती. सामान्यतः चार गड्यांच्या संघात एक जण ट्रॅम्पोलीनवर उसळ्या घेत उंची कमावतो आणि उरलेले त्याच्यासाठी चेंडू हवेत जिवंत ठेवतात. पण उंची कायम राहत नाही. वर गेलेला खाली येणारच. तेव्हा चेंडू टाकणाऱ्याने आपल्या गड्याच्या उसळीची लय ओळखून, तो शिखरावर पोहोचेल त्या क्षणी चेंडू तेथे पोहोचेल असा टाकावा लागतो. अर्धा क्षण आधी टाकला तर गडी अजून वाटेत आहे. अर्धा क्षण उशिरा टाकला तर तो परतीला लागला आहे. मॉर्गनच्या मूळ खेळात स्पर्शांना बंधन नव्हते, कारण घाई नको होती. येथे ते सैल केले, कारण लय साधायची होती. स्पेसबॉलमध्ये नेमके हेच नव्हते. बोसाबॉलचा पंच वाद्ये का वाजवितो याचे उत्तरही येथेच सापडते. जो खेळ लयीवर उभा आहे त्यात ढोल हा केवळ शोभेसाठी उरत नाही.

गुणांची पद्धतही विचार करून ठरविलेली दिसते. चेंडू हाताने मारून प्रतिपक्षाच्या गादीवर टेकविला तर एक गुण. पायाने, डोक्याने किंवा हात वगळता अन्य अंगाने मारला तर तीन. हाताने मारलेला चेंडू थेट प्रतिपक्षाच्या ट्रॅम्पोलीनवर पडला तर तीन, आणि तोच पायाने मारलेला असेल तर पाच. हवेत उसळलेल्या स्थितीत पाय डोक्यापर्यंत नेऊन चेंडू मारणे ही कसरतपटूची किमया आहे आणि तिला हाताहून अधिक मोल देऊन नियमकर्त्याने आपली आवड लपविलेली नाही. कुणी म्हणेल की हा हिशेब प्रेक्षकांच्या टाळ्यांसाठी आहे. असेलही. परंतु त्यामुळे खेळात एक खरा पेच उत्पन्न होतो. खात्रीचा एक गुण घ्यावा की साहस करून पाच गुणांच्या मागे लागावे, हा निर्णय जमिनीपासून सुटलेल्या, डोक्यावर आकाश व समोर जाळे असलेल्या माणसाला निमिषार्धात करावा लागतो. ट्रॅम्पोलीनभोवती सुरक्षेसाठी जे फुगीर कडे असते त्यालाही खेळात ओढले आहे. चेंडू त्यावर पडला तर मेला असे नव्हे. तो तेथून उसळेल किंवा घरंगळेल आणि खेळ चालूच राहील, मात्र तेथेच थांबला तर आक्रमकांना गुण. लगोरी खेळताना दगडाला लागून चेंडू भलतीकडे जावा आणि सर्वांची त्रेधा उडावी, तसा काहीसा प्रकार होतो.

खेळ म्हणून बोसाबॉल सदोष आहे असे म्हणता येणार नाही. त्याची अडचण अन्यत्र आहे. स्पेनमधून तो नेदरलंड, ब्राझील, सिंगापूर, कुवेत अशा दूरदूरच्या देशांत गेला. समुद्रकिनारे, महोत्सव व प्रदर्शने येथे त्याने गर्दी खेचली. पण जेथे तो जातो तेथे त्याचे मैदानही जावे लागते. गाद्या वाहनातून आणायच्या, पसरायच्या, पंखे लावून फुगवायच्या, ट्रॅम्पोलीन बसवायची. आणि सामना संपला की हवा सोडून घड्या घालायच्या. हे मैदान कारखान्यात बनते व ते विकत किंवा भाड्याने घ्यावे लागते. उलट व्हॉलीबॉलला काय लागते? दोन खांब, एक जाळे, एक चेंडू. जाळे नसेल तर दोरी चालते, खांब नसतील तर झाडे चालतात. शाळेच्या पटांगणात, लष्कराच्या ठाण्यात, कारखान्याच्या आवारात, शेताच्या कडेला हा खेळ जो पोहोचला तो त्याच्या नियमांच्या उत्कृष्टतेमुळे पोहोचला असे नाही. तो गरिबाला परवडत होता म्हणून पोहोचला. आणि गरिबांच्या हाती गेल्यावरच त्याला बोम्बा मिळाला. मनिलाच्या खेळाडूंनी मॉर्गनला न विचारता त्याचा खेळ बदलला आणि त्या बदलानेच तो मोठा झाला. ज्या खेळाचे मैदानच कारखान्यातून येते त्यात गल्लीतील पोराने असा अनाहूत बदल कोठे व कसा करावा?

बास्केटबॉल व ट्रॅम्पोलीन यांच्या मिश्रणातून अमेरिकेत मेसन गॉर्डन याने ‘स्लॅमबॉल’ काढला. २००२ मध्ये तो दूरचित्रवाणीवर झळकला, वर्षभरात थांबला, २००८ मध्ये पुन्हा उठला, पुन्हा निजला आणि २०२३ मध्ये आणखी एकदा सुरू करण्यात आला. त्याच्या प्रेक्षकांची वाण कधीच नव्हती. खेळणारे मात्र दरवेळी नव्याने गोळा करावे लागले. प्रेक्षक मिळणे आणि खेळाडू मिळणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत हे या उदाहरणावरून फार स्पष्ट दिसते.

तरीही बोसाबॉलला केवळ तमाशा म्हणून बाजूला सारणे घाईचे होईल. व्हॉलीबॉलने स्वतः शंभर वर्षे पायाला मज्जाव केला होता. १९९० नंतरच्या दशकात त्याने नियम बदलून शरीराच्या कोणत्याही भागाने चेंडू खेळण्यास मुभा दिली. म्हणजे हातापायाचा भेद मिटविण्याकडे थोरल्या घराचाही कल होताच. ट्रॅम्पोलीनलाही सर्कशीच्या जाळीतून ऑलिंपिकपर्यंत येण्यास सत्तर वर्षे लागली आणि त्यांतील कित्येक वर्षे लोक तिच्याकडे कांगारूच्या करमणुकीचे साधन म्हणूनच पाहत होते. बोसाबॉलला अद्याप तेवढे आयुष्य लाभलेले नाही.

या खेळाकडे जो वळतो तो सहसा दुसऱ्या कुठल्यातरी खेळातून आलेला असतो. व्हॉलीबॉलचा गडी आला तर त्याचे हात तयार असतात, पण पायाखालची उसळी त्याला गोंधळविते. कसरतपटूला उसळी घरची, पण चेंडूची वेळ त्याला साधत नाही. फुटबॉल खेळणाऱ्याला पाच गुणांचा मोह आवरत नाही आणि तो जाळ्यात अडकतो. प्रत्येकाला स्वतःजवळचे थोडे द्यावे लागते व शेजाऱ्याकडून थोडे घ्यावे लागते. आठवडाभर आपापल्या मैदानात घाम गाळणारी ही मंडळी फुगविलेले अंगण गावात येईल त्या दिवशी एकत्र जमतात, सायंकाळपर्यंत ढोलाच्या ठेक्यावर उसळतात, आणि पंखे बंद होऊन गाद्यांची घडी पडू लागली की बूट घालून पुन्हा कठीण जमिनीवर उतरतात. पहिली काही पावले टाकताना त्यांचे गुडघे अजून उसळीची वाट पाहत असतात.